बारावीचे गुण नेमके कुठे मोजतात? प्रवेशाच्या रांगेत पहिल्यांदाच उभं राहणाऱ्या घरांसाठी

आमच्या घरी ७३.६७ या एका आकड्यावर आख्खी दुपार गेली. मुलाचा बारावीचा निकाल लागला होता, ६०० पैकी ४४२. इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतली, म्हणजे जेईई मेनची, रँक बरी होती, एखाद्या एनआयटीत (केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) बसेल अशी. पण एनआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात, हे त्याला वर्षभर माहीत होतं आणि मला त्या दुपारी कळलं. नवऱ्याने जेवणाचं ताट तसंच सरकवलं. त्या दुपारचं पुढे काय झालं ते दुसऱ्या पायरीत सांगते, कारण तिथे एक हिशेब आहे आणि तो प्रत्येकाने आधीच करून ठेवावा असा आहे.

त्याच्या आधी मुलीचा कॉमर्सचा प्रवेश केला होता, त्यामुळे मला वाटत होतं की आपल्याला सगळं येतं. काहीच येत नव्हतं. दोन मुलांच्या दोन प्रवेशांत मिळून एवढंच शिकले: "किती टक्के पडले?" हा प्रश्न अर्धा आहे. ते गुण कोणत्या दारात दाखवायचे आहेत, यावर त्यांची किंमत ठरते. काही ठिकाणी गुणांवरच नंबर लागतो. काही ठिकाणी ते फक्त उंबरठा असतात, एकदा ओलांडला की कुणी वळून बघत नाही. काही ठिकाणी दोघांची बरोबरी झाली तरच ते बाहेर काढतात.

पुढचं सगळं वाचताना एक लक्षात ठेवा. नियम दरवर्षी थोडे हलतात. त्या वर्षाची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर येते, ती डाउनलोड करून मोबाइलमध्ये ठेवा. कंटाळवाणी असते, पण तुमच्या चुलतभावाच्या सल्ल्यापेक्षा खरी असते.

१. आधी दार ठरवा, मग गुणांची काळजी करा

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशा पारंपरिक पदव्यांना आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत आजही बारावीच्या टक्क्यांवरच यादी लागते. इथे ८१ आणि ८२ मध्ये खरोखर फरक पडतो. मुंबईत तर त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजातल्या मुलांना आधी जागा मिळते आणि अल्पसंख्याक संस्था असेल तर त्यांचा कोटा वेगळा. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला वाटतं तेवढ्या जागा मुळात उरलेल्याच नसतात. मुलीच्या वेळी आम्ही ज्या कॉलेजचा कटऑफ बघून निर्धास्त होतो, तो आतल्या मुलांचा कटऑफ होता. आणखी एक: मुंबई विद्यापीठात आधी विद्यापीठाची ऑनलाइन नोंदणी आणि नंतर प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म, अशी दोन कामं असतात. पहिलं केलं म्हणजे दुसरं झालं असं समजून बसणारे दरवर्षी सापडतात.

इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात नंबर लागतो तो एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर (काही जागा जेईई मेनवरही असतात). बारावीचे गुण इथे उंबरठा आहेत: भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा मान्य विषय, म्हणजे बहुतेकांचं रसायनशास्त्र, या तिघांत मिळून ४५ टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४०. तीनशेपैकी १३५ किंवा १२०. पास होण्याचा आकडा आणि पात्र होण्याचा आकडा वेगळा आहे, हे नीट ऐका. तिन्ही विषयांत ३८-४० घेऊन पास झालेला खुल्या प्रवर्गातला मुलगा सीईटीत ९५ पर्सेंटाइल घेऊनही अपात्र ठरतो.

मेडिकलला नीटवर नंबर, पण बारावीत भौतिक-रसायन-जीवशास्त्र मिळून ५० टक्के हवेत. एससी, एसटी, ओबीसींना ४०. पाच वर्षांच्या लॉला सीईटी, आणि बारावीत ४५ टक्के. ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०. बीबीए, बीसीए, बीएमएसला २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी सुरू झाली. तोवर बीएमएस म्हणजे बारावीचे टक्के असंच समीकरण होतं, त्यामुळे मोठ्या भावंडांचा अनुभव इथे उपयोगाचा नाही.

दिल्ली विद्यापीठाचंही तसंच. २०२१ मध्ये तिथल्या काही कॉलेजांचा कटऑफ १०० टक्क्यांवर गेला होता. २०२२ पासून सीयूईटी आली आणि केंद्रीय विद्यापीठांत पदवीसाठी नंबर त्या परीक्षेवर लागू लागला.

जुने सल्ले किती दगा देतात याचा नमुना सांगते. माझ्या भाच्याने मुलाला मनापासून सांगितलं होतं, "बोर्डावर जोर दे, निम्मं वजन बोर्डाला असतं." त्याच्या वेळी खरंच होतं. जेईई मेनच्या क्रमवारीत २०१३ ते २०१६ बारावीला ४० टक्के वजन होतं, आणि २०१४-१५ मध्ये महाराष्ट्राने सीईटी बंद ठेवून जेईई आणि बारावी निम्मं-निम्मं धरलं होतं. २०१६ ला आपली सीईटी परत आली, २०१७ ला जेईईतलं बारावीचं वजन गेलं. भाचा खोटं बोलत नव्हता, फक्त त्याचं साल जुनं होतं.

परदेशी जायचा विचार असेल तर मात्र उलटं. अमेरिकेतली विद्यापीठं नववी ते बारावी या चारही वर्षांचे गुण मागतात. आपल्याकडे अकरावी म्हणजे सुट्टीचं वर्ष असतं. क्लासशी जोडलेल्या "इंटिग्रेटेड" कॉलेजात तर मुलं वर्गात पायसुद्धा ठेवत नाहीत, आणि अकरावीची मार्कशीट कशीबशी हाती येते. ती मार्कशीट तिकडे कुणीतरी खरोखर वाचतं.

२. गुणपत्रिका घेऊन बसा आणि दाराप्रमाणे हिशेब करा

आता ती दुपार. मुलाची मार्कशीट अशी होती: इंग्रजी ६४, भौतिकशास्त्र ६८, रसायनशास्त्र ७१, गणित ८०, जीवशास्त्र ६६, आयटी ९३. बेरीज ४४२, भागिले सहाशे, ७३.६७. मी लाइटबिलाच्या मागे तीन वेळा भागाकार केला, जणू तिसऱ्या वेळी वेगळं उत्तर येणार होतं.

मग मुलाच्या क्लासमधल्या एका सरांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "सहा विषयांवर काढलंत की पाच?" आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशात ७५ टक्के मोजतात ते पाच विषयांवर: भौतिक, रसायन, गणित, एक भाषा, आणि उरलेल्यांतला सर्वांत जास्त गुणांचा विषय. जीवशास्त्र गळालं, आयटी राहिलं. ६८, ७१, ८०, ६४, ९३. बेरीज ३७६. पाचशेपैकी ७५.२.

एका गुणाने सुटलो. इंग्रजीचे ६४ चे ६२ झाले असते तर ३७४ आणि ७४.८.

यातून तीन गोष्टी.

पहिली, एकाच मार्कशीटचे तीन-चार वेगवेगळे टक्के निघतात. त्याच मुलाचं पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) २१९, म्हणजे ७३ टक्के. इंजिनिअरिंगच्या कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्ममध्ये पीसीएमचे गुण वेगळे भरावे लागतात. एकूण ७३.६७. पाच विषयांचे ७५.२. कुठल्या चौकटीत कुठला आकडा, हे न बघता भरलं की छाननीत फॉर्म परत येतो.

दुसरी, भाषेकडे दुर्लक्ष महागात पडतं. आमच्याकडे इंग्रजीच्या पुस्तकाला डिसेंबरपर्यंत कुणी हात लावला नव्हता. विज्ञानाची बरीच मुलं दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेतात, आणि त्यात गुण चांगले पडतात. पण मग मोजायला भाषा एकच उरते, इंग्रजी. ती पाडून चालत नाही.

तिसरी, ७५ ला दुसरी वाट आहे: आपल्या बोर्डातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत, असलात तरी चालतं. एससी-एसटींना ६५ टक्के पुरतात. कोरोनाच्या वर्षांत ही अट शिथिल होती, २०२३ पासून परत आली. "आमच्या ताईला नव्हती लागली," असं कुणी म्हणालं तर ताईचं साल विचारा.

सीबीएसईवाल्यांना एक जादा डोकेदुखी: त्यांच्या मार्कशीटवर एकूण टक्के छापलेलेच नसतात. सहावा विषय धरायचा की नाही हे प्रवेश देणारी संस्था ठरवते. म्हणून शेजाऱ्याने सांगितलेले "९६ टक्के" आणि तुमचे "९३ टक्के" एकाच पट्टीने मोजलेले असतीलच असं नाही.

३. टक्के आणि पर्सेंटाइल यांची गल्लत करू नका

सोपं आहे, पण सगळ्यांत जास्त रडारड इथेच होते. सीईटी अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून गुण न देता पर्सेंटाइल देतात. ८८ पर्सेंटाइल म्हणजे शंभरापैकी ८८ गुण नव्हेत. बसलेल्यांपैकी ८८ टक्के मुलं तुमच्या मागे किंवा बरोबरीने आहेत. समजा चार लाख बसली, तर तुमच्या पुढे ४८ हजार उभी आहेत. आजोबांना "नातवाला ८८" सांगून पेढे वाटायला हरकत नाही, पण पसंतीक्रम भरताना ते ४८ हजार लक्षात ठेवा.

पीसीएमची सीईटी २०० गुणांची: गणिताचे १००, भौतिक आणि रसायन ५०-५०. उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, उरलेले बारावीवर. अकरावी सोडून दिलेल्या मुलाचे इथे चाळीसेक गुण आधीच पणाला लागलेले असतात.

पर्सेंटाइल सात दशांशांपर्यंत देतात, तरी बरोबरी होतेच. मग आधी सीईटीतल्या विषयांची पर्सेंटाइल बघतात, तेही सारखं निघालं तर बारावीचे गुण, आणि त्याही पलीकडे दहावीचे. म्हणजे दहावीची मार्कशीट फाइलमधून काढून ठेवू नका.

४. अजून दहावीतच असाल तर

राज्य मंडळाच्या दहावीला "बेस्ट ऑफ फाइव्ह", म्हणजे सहापैकी सर्वांत चांगले पाच विषय धरून ५०० पैकी गुण. त्यावर खेळ आणि कलेचे सवलतीचे गुण. त्यामुळे २०२५ मध्ये राज्यात २११ मुलांना शंभरपैकी शंभर टक्के पडले. ९० टक्के हा आकडा आपल्या काळात पेपरात फोटो येण्याचा होता. आता शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या यादीत तो पुरेलच असं नाही. हे मुलाला निकालाआधी सांगा, नंतर नको.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाला. फॉर्मचे दोन भाग: पहिल्यात वैयक्तिक माहिती आणि गुण, दुसऱ्यात कॉलेजांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. सापळा पहिल्या पसंतीत आहे. पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. "बघू तरी लागतं का" म्हणून पहिल्या क्रमांकावर गावाबाहेरचं कॉलेज टाकू नका.

परीक्षेच्या दिवशी हातपाय गळणारं मूल असेल तर डिप्लोमाचा विचार गंभीरपणे करा. पॉलिटेक्निकला सीईटी नाही. दहावीत ३५ टक्क्यांची अट आणि दहावीच्या गुणांवर नंबर. तीन वर्षांनी डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथेही सीईटी नाही. आमच्या नात्यात या वाटेने गेलेली दोन मुलं आहेत. लग्नकार्यात त्यांना "म्हणजे बारावी नाही केली?" असं विचारणारे आधी बरेच होते.

५. गुण कमी वाटले तर घड्याळ बघा

वाटच बघत बसू नका. मंडळाकडे गुणपडताळणी म्हणजे फक्त बेरीज बरोबर आहे का, सगळे प्रश्न तपासले का, एवढंच. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, ती शिक्षकांना दाखवायची, आणि छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. छायाप्रतीशिवाय थेट पुनर्मूल्यांकन नाही.

ज्यांचं पीसीएम १३४ वर अडकलंय किंवा ज्यांना वरचा टप्पा गाठायचाय त्यांच्यासाठीच हे धावपळीचं आहे. सीईटीवर नंबर लागणार असेल आणि उंबरठा आरामात ओलांडला असेल, तर दोन गुणांसाठी बोर्डाच्या फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते, पास झालेल्यांना श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येतं. पण तिचा निकाल येईपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या कुठवर गेल्या असतील, ते आधी वेळापत्रकात बघा.

६. कागद

निकालानंतर नव्हे, डिसेंबर-जानेवारीत जमवायला घ्या. निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

- दहावी-बारावीच्या मार्कशीट, सीईटी किंवा जेईईचं स्कोअरकार्ड.
- शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी. त्यावर जन्मगाव आणि राष्ट्रीयत्व "भारतीय" लिहिलंय का ते आजच बघा. राष्ट्रीयत्वाचा रकाना कोरा असला की वेगळा दाखला मागतात.
- वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात.
- प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो. अकरावीतच अर्ज टाका.
- नॉन-क्रिमिलेअर. तारीख बघा. मुदत ३१ मार्चला संपते, आणि प्रवेश जूननंतर. घरात आहे म्हणून निश्चिंत बसलेल्या आईबापांचा दाखला नेमका मागच्या मार्चमध्ये मेलेला असतो.
- ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, असेल तर त्याचं प्रमाणपत्र. फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला.
- आधार. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. आमच्याकडे एका ठिकाणी वडिलांचं नाव "राव" लावून होतं, दुसरीकडे विनाराव. त्या दोन अक्षरांपायी सुविधा केंद्रावर तीन तास गेले.

मूळ एलसी एकदा कॉलेजात जमा झाली की परत मिळवणं जिकिरीचं. आधी चार-पाच झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन.

७. पसंतीक्रम: गुण संपले, आता डोकं

कॅपच्या मागच्या वर्षीच्या कटऑफ याद्या पीडीएफमध्ये मिळतात. उघडल्यावर आधी काहीच कळत नाही, सगळी सांकेतिक अक्षरं. "जीओपनएच" म्हणजे खुला प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटीची जागा. शेवटी "ओ" असेल तर होम युनिव्हर्सिटीबाहेरच्यांसाठी, "एस" असेल तर राज्यस्तरीय. सुरुवातीला "जी" ऐवजी "एल" असेल तर मुलींच्या राखीव जागा. बारावी कुठून केली यावर तुमची होम युनिव्हर्सिटी ठरते. ती ओळ सोडून दुसरीच ओळ बघत मी दोन दिवस उगाच निराश होते.

फेरीसुद्धा बघा. पहिल्या फेरीचा कटऑफ आणि शेवटच्या फेरीचा कटऑफ यांत बरंच अंतर पडू शकतं. शेवटच्या फेरीचा आकडा बघून "लागेलच" म्हणू नका.

याद्या काढताना आम्ही तीन गठ्ठे केले: कटऑफ आपल्यापेक्षा वरचे, आपल्या आसपासचे, आणि खालचे. तिन्ही भरले, पण क्रम मनाच्या आवडीचा ठेवला. वरचं कॉलेज वर लिहिल्याने खालची संधी जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढे बदल नाही. नंतरच्या फेऱ्यांत कितव्या पसंतीपर्यंत फ्रीझ होतं ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाचा. त्यामुळे वरच्या पाच-सहा ओळींत "लागलं तर जाऊच" असंच लिहा. मुलाला विचारून लिहा. आमच्याकडे बाबांनी पहाटे एकदा क्रम बदलला होता. मुलाने उठल्यावर पुन्हा जागेवर आणला, आणि त्यानंतर पासवर्ड बदलला.

कॅप संपण्याआधीच संस्था पातळीवरच्या किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेसाठी फोन येऊ लागतात. "आज पैसे भरले तरच." या फोनला लगेच हो म्हणू नका. फी सवलतीच्या सरकारी योजना कॅपमधून झालेल्या प्रवेशाला मिळतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तेही कॅपमधूनच. मुलाच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरच्यांनी तिसऱ्या फेरीची वाट न बघता कोट्यातून प्रवेश घेतला. तिसऱ्या फेरीत तीच शाखा, त्याच कॉलेजात, तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलच्या मुलीला लागली, आणि तिची फी माफ झाली.

आमचा मुलगा ७५.२ घेऊन एनआयटीच्या यादीत बसत होता, पण मिळत असलेली शाखा त्याला नको होती. तो सीईटीवरून पुण्यात गेला. इंग्रजीचे ते ६४ गुण शेवटी कुठेच लागले नाहीत.